वीस घे, पन्नास नको

लिंकन, नेब्रास्का

प्रिय भाचीबाई,

पन्नास लावे घेऊ नकोस. वीस घे.

फोटो पाहिला. तीन महिन्यांचं पिल्लू, समोर काठीला दोरीनं टांगलेला कबुतराचा पंख, एक पाय हवेत आणि शेपूट ताठ. माझ्या मोत्यानं पहिल्यांदा असा पॉइंट धरला, तेव्हा मी तिथंच गवतात बसलो होतो, पाय लटपटले म्हणून. त्यामुळे तुझी घाई मला कळते. पण पंखाचा खेळ आता बंद कर. तो डोळ्यांचा खेळ आहे. पॉइंटर कुत्र्याचं शहाणपण नाकात असतं, आणि नाकाला शिकवायचं तर जिवंत पक्षी हवा. गवतात दडलेला, वाऱ्यावर वास सोडणारा आणि मुख्य म्हणजे उडून जाणारा. कुत्रं कितीही धावलं तरी त्याच्या हाती न लागणारा.

रानातल्या पक्ष्यासारखा गुरू नाही, हे खरंच. तुझ्या कॅन्ससात अजून जंगली बॉबव्हाइट लावे आहेत, आमच्याकडे राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात थोडे उरलेत. पण 1966 पासूनची पक्षीगणना पाहिली तर या देशात त्यांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली आहे. शेतं कडेपर्यंत नांगरली गेली, कुंपणाकडची झुडपं गेली, तणाचे पट्टे गेले, लावा राहणार कुठे? अशा पक्ष्यांवर पिल्लाचे धडे गिरवणं मला पटत नाही. विणीच्या महिन्यांत तर मुळीच नाही. म्हणून घरी पाळलेले पक्षी. आणि पाळायचे म्हटलं की ते सामान राहत नाही, ती जबाबदारी होते. पत्र लांबणार आहे ते यासाठीच.

हे पत्र उघडं ठेवतोय त्यालाही कारण आहे. तुझी आई गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "ज्याला दाणा घालायचा त्यालाच कुत्र्याच्या तोंडी द्यायचं, हे कसलं पाळणं रे?" हा प्रश्न ताईनं एकटीनं विचारलेला नाही. गेली अठरा वर्षं इथल्या मराठी ओळखीच्या माणसांकडून मी तो ऐकत आलोय. तेव्हा उत्तर सगळ्यांसमोरच दिलेलं बरं.

आधी जॉनी हाऊस. नावावरून काही कळत नाही, पण ते आहे एक उंच खुराडं. माझं सहा बाय आठ फुटांचं आहे, जमिनीपासून दोन फूट वर. तळ लाकडाचा नाही, जाळीचा. वरच्या बाजूला एक झडप, तिच्यातून पक्षी उडून बाहेर पडतात. खाली जमिनीलगत जाळीचं एक नरसाळं, तोंड बाहेर रुंद आणि आत निमुळतं. परतलेला पक्षी त्यातून सरपटत आत शिरतो, पण आतल्याला ते अरुंद तोंड सापडत नाही. एवढीच त्यातली कारागिरी. खरी किमया पक्ष्याच्या स्वभावात आहे.

बॉबव्हाइट एकटा राहू शकत नाही. रानात दहा-पंधरांचा थवा असतो. रात्री ते जमिनीवर गोल करून झोपतात, शेपट्या आत, तोंडं बाहेर. थंडीत एकमेकांची ऊब मिळते आणि संकट आलं तर प्रत्येकाला आपल्या समोरच्या दिशेनं उडता येतं. दिवसा थवा पांगला की कातरवेळी ते एकमेकांना हाका मारतात. विणीच्या हंगामात नर जे स्वच्छ दोन सूर काढतो आणि ज्यावरून त्याला नाव पडलं, ती हाक वेगळी. ही जमवाजमवीची हाक 'कोय-ली' अशी काहीशी ऐकू येते, थोडी घोगरी, शेवटी वर चढणारी. सकाळी तू विसातले आठ सोडलेस की ते गवतात पसरतील, आणि संध्याकाळी आतले बारा त्यांना बोलावतील. बाहेरचे उत्तर देतील. मग एकेक पायी चालत येईल. उडत नाही, चालत.

म्हणून कधीही सगळे सोडायचे नाहीत. निम्म्याहून जास्त आत हवेत. नवे पक्षी आणल्यावर पहिले तीन आठवडे झडप उघडायचीच नाही, त्यांना ते घर आपलं वाटू दे. दुपार कलल्यावर सोडायचं नाही, जमायला वेळ पुरत नाही. आणि कोटर्निक्स, म्हणजे जपानी बटेर, स्वस्त मिळतात म्हणून या कामाला घेऊ नकोस. सहा-आठ आठवड्यांत ते मोठे होतात खरे, पण घराकडे परतण्याचा भरवसा नाही. सोडलेला कोटर्निक्स बहुतेक वेळा रात्री कुणाच्या तरी पोटात जातो.

ती जमवाजमवीची हाक मी पहिल्यांदा इथं ऐकली तेव्हा मला सातारा जिल्ह्यातला आपला माण तालुका आठवला. सात-आठ वर्षांचा असेन. ओढ्याच्या वरच्या अंगाला फासेपारध्यांची पालं पडायची. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याकडे कामट्यांच्या पिंजऱ्यात तितर होता, पिंजऱ्यावर फडकं. पहाटे तो पिंजरा करवंदीच्या जाळीजवळ ठेवायचा, भोवती केसांचे फासे मांडायचा आणि फडकं काढायचा. उजेड दिसला की तितर ओरडायचा. त्या माळाचा मालक असलेला नर चवताळून यायचा, माझ्या हद्दीत कोण म्हणून, आणि फाशात पाय घालायचा. म्हाताऱ्यानं मला एकदा तो पिंजरा धरायला दिला होता. आतल्या पक्ष्याच्या छातीची धडधड कामट्यांतून हाताला लागत होती. त्याची चोच कशी पाहायची, पाय कसे पाहायचे, दाणा कधी द्यायचा आणि कधी रोखायचा, हे तो मला मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगत होता. पक्षी हातात धरायचा कसा, हे मी त्याच्याकडून शिकलो. ज्या जमातीला इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगार ठरवलं, तिच्याकडे पक्ष्यांचं केवढं ज्ञान होतं याचा विचार आपण कधी केलाच नाही.

पिंजऱ्यातला पक्षी बाहेरच्याला बोलावतो, दोन्हीकडे युक्ती तीच. पण तितर येतो तो भांडायला आणि फाशात अडकतो. लावा येतो तो सोबतीला आणि घरात शिरतो. मी जॉनी हाऊस निवडलं त्यामागं हा फरकही आहे.

आता जाळीबद्दल, आणि हे नीट वाच. पहिल्या वर्षी मी दुकानातून षट्कोनी भोकांची साधी कोंबड्यांची जाळी आणली. स्वस्त होती, वाकवायला सोपी होती. चोवीस पक्षी होते. जानेवारीतल्या एका रात्री रकून आला. रकूनचे पुढचे पंजे आपल्या हातासारखे चालतात. त्यानं भोकातून हात घातला आणि भिंतीला टेकून गोल करून झोपलेले पक्षी जाळीपर्यंत ओढले. आत त्याला शिरता आलं नाही, पण तशी गरजही नव्हती. सकाळी अकरा गेले होते. काय अवस्थेत, ते लिहीत नाही. जमीन दगडासारखी गोठलेली होती, पुरायलाही खड्डा खणता येईना.

त्या संध्याकाळी उरलेले तेरा हाका मारत होते. कातरवेळ संपली, अंधार पडला, तरी थांबेनात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी खुराड्यापाशी टॉर्च घेऊन उभा होतो आणि मला तोंड वळवून घरातही जाता येत नव्हतं. स्वस्तातली जाळी मी आणली होती, त्यांनी नाही.

तेव्हा अर्धा इंची चौकोनी, वेल्ड केलेली जाळी घे. तळालाही तीच. खुराड्याभोवती जमिनीवर दोन फूट रुंदीचा जाळीचा पट्टा अंथर आणि त्यावर माती टाक, म्हणजे खणून येणारा प्राणी अडतो. दाराला साधी कडी नको, रकून ती उघडतो. आधी दाबायची आणि मग सरकवायची अशी खिटी लाव. मिंकला आणि उंदराला अंगठ्याएवढी फट पुरते, म्हणून सगळं झालं की रात्री आत दिवा लावून बाहेरून फिर. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथं काम बाकी आहे.

तळ जाळीचा कशासाठी, तर शीट खाली पडावी म्हणून. लाव्याचे दोन मोठे शत्रू विष्ठेतून येतात. एक कॉक्सिडिया, आणि दुसरा आतड्यांना व्रण पाडणारा जिवाणूचा आजार, ज्याला इथं नुसतं 'क्वेल डिसीज' म्हणतात. तो इतका झटपट मारतो की पक्षी अंगानं भरलेला, पिसं चकचकीत, आणि सकाळी मेलेला. म्हणून पाणी रोज बदल, भांडं रोज घास, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांजवळ खुराडं ठेवू नकोस. आणि 2022 पासून या देशात बर्ड फ्लूची जी लाट आली, ती जंगली बदकं आणि हंसांबरोबर फिरते. आमच्याकडे वसंतात लाखो हंस उतरतात. मी खुराड्याशी जायचे बूट वेगळे ठेवले आहेत, ते तळ्यावर नेत नाही. तूही ठेव. पक्षी घेताना त्या माणसाकडे राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजनेचा दाखला आहे का, ते विचार. कळप पुलोरम आणि टायफॉइडसाठी तपासलेला असल्याचा तो पुरावा आहे, आणि ही योजना 1935 पासून चालू आहे. दाखला नाही म्हणाला तर स्वस्ताई विसर आणि परत फिर. शिवाय लावे पाळायला राज्याचा परवाना लागू शकतो. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, तेव्हा पक्षी आणण्याआधी वन्यजीव खात्याला फोन कर.

अंडी उबवायचा विचार एवढ्यात करू नकोस, पण कधी केलास तर तुझ्या आजीची गोष्ट लक्षात ठेव. ती इथं आली होती त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा यंत्रात अंडी ठेवली होती. तेविसाव्या दिवशी पिल्लं निघाली, मोठ्या भुंग्याएवढी. पस्तीस अंश ऊब, अठ्ठावीस टक्के प्रथिनांचं बारीक खाद्य, सगळं मी वाचून तयार ठेवलं होतं. आजी आली, पाण्याच्या ताटलीत बोट घालून म्हणाली, "बुडतील रे ही." आणि बागेतले खडे धुऊन आणून तिनं ताटली भरली, खड्यांच्या फटीतच काय ते पाणी. लाव्याची पिल्लं खरोखरच इंचभर पाण्यात बुडून मरतात. तिनं आयुष्यात लाव्याचं पिल्लू पाहिलं नव्हतं, कोंबडीची पाहिली होती, बाकीचा अंदाज तिचा. पुढचे दोन महिने त्या खोलीत मला फारसं काम उरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्याकडे सहा चुकार होते. करड्या अंगाचे, लाल चोचीचे, डोळ्यांवरून गळ्यापर्यंत काळी पट्टी, कुशीवर उभे पट्टे. आजीनं नाव विचारलं. मी म्हटलं, चुकार. आणि बोलता बोलता मलाच जाणवलं की हा शब्द आपला आहे. "आई, हा चकोर."

ती पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसली. चांदणं पिणारा चकोर तिनं आयुष्यभर ऐकला होता. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माउलींनी श्रोत्यांना चकोराच्या पिल्लांची आठवण दिली आहे, ते ती रोज वाचत आली होती. आणि सातारा जिल्ह्यात चकोर दिसत नाही. तो हिमालयातला, तिकडे अफगाणिस्तान-इराणपर्यंतच्या खडकाळ डोंगरांतला. कराचीहून त्याच्या पाच जोड्या 1893 मध्ये इलिनॉयला आणल्याची नोंद आहे. ओलसर इलिनॉय त्यांना मानवलं नाही, पण पुढे पश्चिमेच्या कोरड्या उतारांवर, नेवाडा, आयडाहो, युटाहमध्ये ते असे रुजले की 1947 मध्ये नेवाडानं त्यांच्या शिकारीचा हंगाम उघडला. आजीच्या कवितेतला पक्षी तिला दिसला तो नेब्रास्कातल्या माझ्या अंगणात, कुत्र्याच्या शिकवणीसाठी आणलेला. ती मला रागावली नाही. फक्त म्हणाली, "पौर्णिमेला ह्यांच्यावरचं ताडपत्रीचं छप्पर काढत जा." मी काढतो. अजूनही.

आता कुत्र्याकडे येऊ. सुरुवात लाव्यापासून करूच नकोस, कबुतरापासून कर. घरी परतणारं पाळीव कबुतर. ते दणकट असतं, लांबून आपल्या खुराड्यात परत येतं, आणि तोच पक्षी पुन्हा पुन्हा वापरता येतो. स्प्रिंगच्या लाँचरमध्ये कबुतर ठेव, गवतानं झाक, आणि पिल्लाला वारा आडवा लागेल अशा बाजूनं लांब दोरीवर आण. वासाच्या रेघेत शिरलं की त्याचं डोकं झटक्यानं वळेल. थांबलं तर तूही थांब, काही बोलू नकोस, क्षणभर त्याला तो वास पिऊ दे, मग बटण दाब. आणि थांबता थांबता त्यानं पुढे पाऊल टाकलं, तर त्याच क्षणी कबुतर उडव. पुढे गेलं की पक्षी जातो, उभं राहिलं की पक्षी राहतो, एवढं त्याला पक्ष्याकडूनच कळू दे. तू ओरडून शिकवलंस तर ते तुला घाबरायला शिकेल. लाँचरच्या आवाजाची सवय आधी पक्ष्याशिवाय, लांबून, जेवणाच्या वेळी लावून घे. मोत्याच्या धाकट्या भावाच्या बाबतीत ती पायरी मी गाळली. स्प्रिंग त्याच्या नाकापाशी सुटली आणि पुढचे चार महिने ते कुत्रं पक्ष्याचा वास आला की वळसा घालून जायचं. बंदुकीचंही तसंच. पहिला आवाज खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकलीचा, शंभर पावलांवरून, आणि पिल्लू उडालेल्या पक्ष्यामागं भान हरपून धावत असताना.

या सगळ्यात पक्षी मरावा लागत नाही. ताईला माझं उत्तर हे. मी नोव्हेंबरात रानात फेझंट मारतो, घरी आणून शिजवतो, ते मी लपवत नाही आणि तिला पटावं असा हट्टही धरत नाही. पण जॉनी हाऊसमधून निघालेल्या पक्ष्यावर मी आजवर बंदूक उचललेली नाही. ज्या पक्ष्याला संध्याकाळी मी घरी बोलावतो, त्याच्यावर सकाळी नेम धरता येत नाही. सगळे असं करत नाहीत. पुष्कळजण पाळलेले पक्षी पंख बांधून, पाय मुरगळून गवतात टाकतात आणि पिल्लाला धरू देतात. ते क्रूर तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. एकदा पक्षी दातांत सापडला की कुत्र्याच्या डोक्यात पक्कं बसतं, जोर केला तर मिळतो. मग ते उभं राहत नाही, सरकतं, झेप घेतं, आणि त्याला परत उभं करायला वर्ष जातं. दुबळा पक्षी कुत्र्याला बिघडवतो. म्हणून वीस घे म्हणालो. विसांना उडायला जागा देता येते, विसांची पिसं शाबूत राहतात. त्या खुराड्यात पन्नास कोंबलेस तर एकमेकांची पाठ टोचून सोलतील, आणि त्यातला एकही झाडाच्या उंचीवर जाणार नाही.

ताईचा प्रश्न मी इथं संपला असं मात्र म्हणत नाही. बाहेर सोडलेल्या आठांपैकी कधी सातच परततात. वर ससाणा असतो, रात्री मोठं शिंगवालं घुबड असतं. परत न आलेल्याचा हिशोब माझ्याकडे एका वहीत आहे, तारखेसकट. तूही ठेव. महिन्याला एखाद-दुसऱ्याहून जास्त जात असतील, तर सोडणं बंद कर आणि काय चुकतंय ते शोध.

आणि तुझा माणमधला मावसभाऊ हे वाचून तितर पाळायला निघेल, म्हणून त्याच्यासाठी एक ओळ. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तितर-लाव्यांना संरक्षण आहे. रानातून धरणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं, सगळं गुन्हा आहे, आणि माझ्या मते तसंच हवं. तिथला माळ आधीच पुरता फाटला आहे. त्याला पक्षी हवेत तर बांधावरची झुडपं जाळू नयेत आणि पहाटे ऐकत बसावं.

शनिवारी सकाळी निघतो, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. जाळीची दोन भेंडोळी, खिट्या आणि नरसाळं आणतोय. खाद्याचं पोतं घेऊ नकोस, माझ्याकडे ताजं आहे. पक्षीवाल्याकडे रविवारी आपण दोघं जाऊ, आणि मी प्रत्येक पक्षी हातात धरून पाहीन, थोडा वेळ लागला तरी त्याला घाई करू देऊ नकोस. शिवाय माझ्या थव्यातले चार जुने पक्षी खोक्यात घालून आणतोय, भोकं पाडलेल्या, तळाला गवत घातलेल्या. ते तीन वर्षं हाका मारताहेत, नव्यांना त्यांच्याकडून वळण लागेल.

तीन आठवड्यांनी पहिल्यांदा झडप उघडशील त्या संध्याकाळी मला फोन लाव. बोलू नकोस, नुसता फोन खुराड्याच्या बाजूला धर. सोडलेले किती, परतले किती, ते नंतर सांग.

तुझा
मामा